पंडुमाआधीचं पन्हं

देवराव, तुमची खुर्ची मी अजून हलवलेली नाही आणि तिच्यावर बसलोही नाही. शाळेला सुट्टी आहे. ऑफिसात मी एकटाच येतो, माझ्या जुन्या स्टुलावर बसतो आणि मोटारीचा आवाज कधी येतो तिकडे कान लावून राहतो. दुपारच्या मोटारीतून टपालाची थैली उतरते आणि थैलीत नागपूरचं वर्तमानपत्र असतं. मॅट्रिकचा निकाल जूनमध्ये लागायचा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी रोज पेपर उघडून आधी निकालाचं पान शोधतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, अहो, मे महिन्यात जूनचा निकाल कोण लावतो? आणि पेपर माझ्या हातातून काढून घेऊन आधी नाटकांच्या जाहिराती वाचल्या असत्या.

तुम्ही मला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचात. राज्य बदललं, आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबईत गेला, तेव्हा ते शब्द पेपरात यायचे आणि तुम्ही ते मला चिकटवून टाकलेत. मला राग यायचा. आता वरून हुकूम आला आहे की नवा हेडमास्तर येईपर्यंत शाळेचा कारभार मी पाहावा. म्हणजे तुमची थट्टा सरकारनंही मनावर घेतली म्हणायची.

शोकसभेत सगळे बोलले. जंगलाच्या तोंडाशी हायस्कूल उभं केलं, वगैरे. मी बोललो नाही. हार घातलेल्या फोटोशी मला बोलता येत नाही, आणि तुमच्याशी बोलायचं म्हणजे भांडायची सवय. शिवाय माझ्याजवळ तुमच्यासाठी निरोप आहे. संमेलनाच्या दिवशी जे सुरू झालं ते परवा कोसमटोल्याला संपलं. ते तुम्हाला सांगणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

संमेलन परीक्षेच्या तोंडावर घेऊ नका, असं मी दरवर्षी सांगत आलो. इतर शाळा पौषात उरकून मोकळ्या होतात. तुमचं म्हणणं एकच असायचं: धान मळून, विकून झाल्याशिवाय गावातली माणसं येत नाहीत आणि जंगलातली तर मोहाची फुलं पडायला लागल्यावरच, सकाळी ती वेचून, दुपारनंतर मोकळी होतात. पालक येतील तेव्हा संमेलन. मग चैत्रातल्या उन्हात मांडव घालायचा, जांभळीच्या डहाळ्या बांधायच्या, आणि मॅट्रिकच्या पोरांनी भूमितीची प्रमेयं सोडून दाढ्यामिशा चिकटवायच्या. यंदाही तेच. मी मांडवाच्या बांबूंना हात लावून पाहत होतो, पाहुण्यांची मोटार नदीच्या रेतीत फसेल म्हणून पोरांना फळ्या घेऊन बसवत होतो, राजाची दाढी ऐन प्रवेशात सुटेल म्हणून जास्तीचा डिंक उकळत होतो. तुम्ही मांडवात हात पाठीमागे बांधून गाणं गुणगुणत फिरत होता. मी काही म्हटलं की म्हणायचात, "पाहून घेऊ." तुमच्या त्या दोन शब्दांनी माझं रक्त किती आटलं असेल.

आणि तुम्हीच म्हणालात, चहा नको, यंदा पन्हं करू. शाळेमागच्या झाडाला कैऱ्या लगडल्यात, पाहुणे उन्हातून येतील, थंड वाटेल. वहिनींनी कैऱ्या चुलीत भाजल्या. तुम्ही गुळाचा खडा फोडून वर आणखी एक खडा टाकलात. मी म्हटलं, अहो, हे पन्हं की पाक? तुम्ही चाखून म्हणालात, अजून थोडा पाहिजे. गुळाच्या बाबतीत तुम्ही कधी कोणाचं ऐकलं नाही.

मी सगळ्याची काळजी केली होती. पन्ह्याची तेवढी केली नव्हती.

कार्यक्रम छानच झाला, ते मान्य करतो. हुतूतूच्या संघानं जिल्ह्यात मारलेली मजल तुम्ही अशा आवाजात सांगितलीत की मागे बसलेले आजेसुद्धा माना उंचावून पोरांना शोधू लागले. आणि मग बक्षिसं. जानो मडावीचं नाव इतक्यांदा आलं की पुढच्या रांगेतली पोरं नाव पुकारायच्या आतच टाळ्या वाजवायला लागली. चाचणी परीक्षेत पहिली, वक्तृत्वात पहिली, धावण्यात पहिली. तुमच्या घरच्या ओसरीवर राहून शिकलेली ही कोसमटोल्याची मुलगी, आपल्या शाळेतून मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी. तिला नागपूरला पाठवायचं, मास्तरकीचं शिक्षण द्यायचं, आणि परत आणून तिच्याच गावात शाळा काढायची, हा तुमचा बेत शाळेतल्या उंदरांनासुद्धा पाठ झाला होता. फक्त तिचे वडील, मालूभाऊ, अजून हो म्हणाले नव्हते. मॅट्रिकपर्यंत म्हणून त्यांनी मुलगी तुमच्या घरी ठेवली होती. पुढचं पुढं, एवढंच ते म्हणत.

मालूभाऊ त्या दिवशी मांडवाच्या मागच्या बाजूला आपल्या गावच्या माणसांबरोबर चटईवर बसले होते. पन्ह्याचे पेले फिरले. त्या लोकांनी ते हातात घेतले आणि हळूच जमिनीवर ठेवून दिले. मला वाटलं, लाजताहेत. पाहुणे चांद्याचे, सेवानिवृत्त झालेले अधिकारी, मनाचे मोठे, पण हौशी. जानोचं मोठं बक्षीस म्हणजे पितळी पेला. तो त्यांनी हातात घेतला, पन्ह्यानं भरून मागवला आणि साऱ्यांसमोर तिच्यापुढे धरला. स्वतःच्या कमाईच्या पेल्यातला पहिला घोट घे पोरी, म्हणाले. लोक हसले. जानोनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसून मान हलवलीत. तिनं मागे, वडिलांकडे पाहिलं. मग ती प्यायली.

मालूभाऊ उठून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, देवराव. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती मला पाहवत नाही. नाटक सुरू व्हायच्या आत ते तुमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आमचा मरका पंडुम झाला नाई जी अजून. नवा आंबा आमी तोंडाले लावत नाई. तिले मालूम होतं. पन तुमच्या समोर तिनं नाई कसं म्हनावं?"

मरका म्हणजे आंबा. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. ते फळ आधी गावदेवाला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, आणि शेवटी जित्यांना. त्याआधी कुणी खाल्लं तर त्याचा दोष खाणाऱ्याला लागून थांबत नाही, साऱ्या गावावर येतो. इतकी वर्षं या भागात काढून हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. मालूभाऊंनी जानोला बरोबर घेतलं आणि ते ऊन उतरायच्या आत निघून गेले. पेला टेबलावर तसाच राहिला. राजाची दाढी शेवटपर्यंत टिकली, पण मी नाटक पाहिलंच नाही.

परीक्षा तोंडावर आली तरी जानो परतली नाही. तुमचं पहिल्यांदाच 'पाहून घेऊ' बंद झालं. एका सकाळी तुम्ही धोतर खोचून निघालात आणि मी मागोमाग आलो, कारण तुम्ही वाट चुकाल अशी मला खात्री होती. तुम्ही चुकलातही. नाला ओलांडून आपण तेंदूच्या झुडपांत अर्धी सकाळ फिरलो आणि तुम्ही म्हणत राहिलात की हवा छान आहे.

कोसमटोल्याला पोचलो तेव्हा गावचा गायता, म्हणजे त्यांचा पुजारी, मालूभाऊंच्या अंगणातच बसलेला होता. म्हातारा, डोळे मिचमिचे, बोलणं कमी. गावात एका लेकराला ताप भरला होता. कुणी जानोचं नाव घेत नव्हतं, पण पंडुम होईपर्यंत तिनं गावची शीव ओलांडू नये असं ठरलं होतं. पंडुम परीक्षेनंतर. म्हणजे परीक्षा गेली, वर्ष गेलं, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुढच्या वर्षी परत येते असं मी तरी पाहिलेलं नाही. जानो दाराआड उभी होती. तिची नुसती बोटं दिसत होती चौकटीवर.

तुम्ही खाटेवर न बसता खाली बसलात. म्हणालात, मालूभाऊ, चूक माझी झाली. मालूभाऊ म्हणाले, "तुमची नाई जी. तुमाले मालूम नव्हतं. पन मी गावाले काय सांगू?" मग तुम्ही जे बोललात ते ऐकून मला तिथंच तुमचा हात धरून तुम्हाला उठवावंसं वाटलं.

"ती प्यायली ते माझ्या सांगण्यावरून," तुम्ही म्हणालात. "जोखीम माझ्यावर घ्या. पंडुम होईपर्यंत मी आंब्याला शिवणार नाही. त्या दिवशी इथं येईन आणि तिच्यासोबत बसून खाईन. तिला परीक्षेला जाऊ द्या."

गायता बराच वेळ जमिनीवर काडीनं काहीतरी कोरत बसला. त्यानं गोंडीत मालूभाऊंना काही विचारलं, मालूभाऊंनी उत्तर दिलं. शेवटी त्यानं मान हलवली. जानो त्याच दुपारी आपल्याबरोबर निघाली.

परतीच्या वाटेवर आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. ती पुढे चालत होती म्हणून मी दबक्या आवाजात भांडलो. म्हटलं, तुम्ही हेडमास्तर. मी विज्ञान शिकवतो. ताप डासानं येतो हे फळ्यावर चित्र काढून सांगतो, आणि तुम्ही आंब्याचा दोष अंगावर घेऊन मोकळे? उद्या वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहू? तुम्ही शांतपणे म्हणालात की मालूभाऊंनी तुम्हाला विश्वास ठेवा म्हटलंच नाही, नुसतं थांबा म्हटलं. थांबायला काय लागतं? मी म्हटलं, आणि जोखीम? तुम्ही हसलात. म्हणालात, जोखमीची काळजी करायला तुम्ही आहातच.

चांद्याच्या परीक्षेचं मी काय सांगणार, तुम्हीच पोरांना घेऊन गेलात, जानोच्या सोबतीला वहिनीही गेल्या. वहिनी म्हणाल्या, भर उन्हात तुम्ही केंद्राबाहेर झाडाखाली उभे राहायचात, धर्मशाळेत परत जा म्हटलं तरी जायचा नाहीत. भूमितीच्या पेपरानंतर जानो काहीच बोलली नाही म्हणे. तुम्हीही विचारलं नाहीत. मी असतो तर प्रश्नपत्रिका घेऊन तिथंच तिला एक एक प्रश्न विचारत बसलो असतो आणि तिला रडवलं असतं, हे खरं. पण मग आज मला कळलं तरी असतं की काय झालं. आता नुसतं 'भूमिती' एवढा शब्द माझ्या डोक्यात फिरत असतो.

परत आलात ते अंगात ऊन घेऊनच. मोटारीतून उतरताना तुमचा चेहरा तांबडा झाला होता. जानो चांद्याहून सरळ गावी गेली होती, ते बरंच झालं. संध्याकाळी ताप चढला. आणि देवराव, मी, विज्ञानाचा मास्तर, तुमच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं असेल? तो पितळी पेला. मी डोळे घट्ट मिटले तरी तो जाईना.

ऊन लागलेल्या माणसाला आपल्याकडे काय देतात? पन्हंच देतात. वहिनींनी कैरी भाजून, गार करून, वाटीत आणलं. तुम्ही तोंड फिरवलंत. वहिनींनी विनवलं, मी रागावलो. मी म्हणालो, हे औषध आहे, औषधाला पंडुम नसतो. तुम्ही डोळे मिटून पडून राहिलात. मग मी वाकून तुमच्या कानाशी म्हणालो, इथं कोण पाहतंय?

"मी पाहतो ना," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी नीट असं काही बोललाच नाहीत. गडचिरोलीहून डॉक्टर आणला. त्यानं नंतर सांगितलं की ताप मेंदूत गेला होता, पन्ह्यानं काही फरक पडला नसता. तो शिकलेला माणूस आहे, त्याचं खरं असेल. पण वहिनींच्या चुलीपाशी ती वाटी न घासता तशीच पडून राहिली, आणि मला तुमचा इतका राग आला की तुम्हाला खांदा देताना रडूच आलं नाही. रडू नंतर आलं, वर्गातला फळा पुसताना, तुमच्या अक्षरातला सुविचार पुसावा की नाही ते ठरेना तेव्हा. पुसला नाही.

मालूभाऊ नदीवर आले होते. लोकांच्या मागे उभे राहिले, डोक्याचा पटका काढला आणि कुणाशी न बोलता गेले. जानो आली नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली. जोखीम माझ्यावर घ्या, असं तुम्ही साऱ्या अंगणासमोर म्हणाला होता, आणि ती दाराआड उभी राहून ऐकत होती. आता तुम्ही मेलात. त्या मुलीला दोन आणि दोन किती होतात ते सांगावं लागत नाही, तिचं गणित चांगलं आहे. निकाल काहीही लागो, आपल्या एका घोटानं सर गेले असं तिच्या मनानं घेतलं तर ती शीव ओलांडून परत कधी येणार? आणि गावानं तसं म्हटलं तर मालूभाऊ तिला पाठवणार कसे?

आठवडी बाजारात मालूभाऊंचा निरोप आला. पंडुम ठरला आहे, सरांच्या जागी कुणीतरी यावं. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच जा. मी तुमच्या टेबलाच्या खणातून तो पितळी पेला काढला, कोळशाच्या राखेनं घासला आणि पिशवीत टाकला.

वाटेत माझं काय झालं ते ऐका. मालूभाऊ विचारतील, सरांनी शब्द पाळला का? मग मी काय सांगायचं? पाळला म्हटलं तर त्याचा अर्थ असा होतो की तुम्ही दोष अंगावर घेतलात आणि त्यानंच गेलात. जानो जन्मभर ते ओझं वाहील. त्यापेक्षा खोटं सांगावं. तापात भान नव्हतं, पन्हं पोटात गेलं, शब्द मोडला गेला. मग लोक म्हणतील, मास्तर आपल्याच चुकीनं मेला. तुमचं नाव खराब होईल, पण पोर सुटेल. नाल्यापाशी येईपर्यंत मी खोटं सांगायचं पक्कं केलं. नाला ओलांडला आणि वाटलं, तुमच्यासारख्या हट्टी माणसाबद्दल असं खोटं बोललो तर तुम्ही स्वप्नात येऊन भांडाल. तेंदूच्या झुडपांत मी तुमच्यासारखाच वाट चुकलो. घाम असा फुटला होता की सदरा पाठीला चिकटला.

गावदेवाच्या झाडाखाली पुरुष जमले होते. कैऱ्यांची रास, पळसाच्या पानांचे द्रोण, धूप. लेकराचा ताप कधीच उतरला होता, ते इकडे तिकडे पळत होतं. मालूभाऊंनी मला आपल्या शेजारी बसवलं. बायका थोड्या लांब होत्या आणि त्यांच्यात जानो. ती वाळली आहे, देवराव. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

गायत्यानं काही सुरू करायच्या आधी मला थेट विचारलं. मराठीतच विचारलं, म्हणजे मला टाळता येऊ नये.

"पाळलं का त्यानं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. वाटेत तयार केलेलं खोटं माझ्या जिभेवर होतं. मी जानोकडे पाहिलं. तिनं आता मान वर केली होती. मला ती वाटी दिसली, तुमची फिरवलेली मान दिसली.

"पाळलं," मी म्हणालो. "ऊन लागलं होतं. वहिनींनी पन्हं दिलं. नाही घेतलं त्यांनी."

मला वाटलं, संपलं, आपण त्या पोरीचं आयुष्य या झाडाखाली संपवलं. मग गायत्यानं मालूभाऊंकडे वळून, पण जानोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ज्यानं पाळलं त्याले दोष लागत नाई. मास्तर उन्हानं मेला."

बस, एवढंच. आणि तो धुपावर राळ टाकायला लागला. त्याच्या लेखी प्रश्न संपला होता. मी तिथं बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो. तुम्ही ती वाटी तोंडाला लावली असती तर या माणसांनी तुमच्या मरणाचं कारण जानोच्या पेल्यात शोधलं असतं, आणि मी खोटं बोललो असतो तरी तेच झालं असतं. तुम्ही तोंड फिरवलंत म्हणून ती सुटली. हे तुम्हाला तापात कळत होतं का? की नुसता हट्ट होता? विचारायचं राहून गेलं आणि आता मला हे रोज विचारावं लागणार. आपल्या भांडणात तुम्ही जिंकलात असं मी अजून म्हणत नाही. डास तो डास. पण वहिनींना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ती वाटी पहिल्यांदा घासून फळीवर ठेवली.

देवाचं झालं, मग आम्ही मालूभाऊंच्या घरी आलो. तिथं घरातल्या मेलेल्या माणसांचा वाटा काढतात. मालूभाऊंनी बापाचं नाव घेऊन द्रोण ठेवला, आईचं नाव घेऊन ठेवला, आणि मग थांबून जानोकडे पाहिलं. मी पिशवीतून पेला काढून तिच्या हातात दिला. तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. ती आत गेली. वहिनींकडे राहून पन्हं करायला शिकली आहे ती. चुलीत भाजलेली कैरी तिनं कुस्करली, गूळ घातला, पाणी घातलं, आणि भरलेला पेला आणून आजा-आजीच्या द्रोणांशेजारी ठेवला. मालूभाऊंनी तुमचं नाव घेतलं. 'देवरावमास्तर' म्हणाले. मी इतका वेळ आवरलं होतं ते तेव्हा फुटलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्या घराचा आभारी आहे.

मेलेल्यांचं झाल्यावर मग जित्यांनी खाल्लं. जानोनंही खाल्लं. तुम्ही तिच्यासोबत बसून खाईन म्हणाला होता, तेवढं मात्र झालं नाही. तुम्ही आमच्या आधी खाल्लंत.

निघताना ती अंगणाच्या कुडापर्यंत आली. संमेलनानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"निकाल कवा लागते जी?"

मी सांगितलं, जूनमध्ये. आणि लगेच, न राहवून, भूमितीचं विचारलं. ती म्हणाली, एक प्रमेय अर्धवट राहिलं, बाकी लिहिलं. मग वडिलांकडे न पाहताच म्हणाली की पेपर येईल तेव्हा ती शाळेत येऊन स्वतः पाहील. मालूभाऊ कुडाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी आनतो तिले. मंग नागपूरचं काय ते तुमी सांगा."

तर असा निरोप आहे. निकाल लागलेला नाही. अर्धवट प्रमेयाला किती गुण देतात ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि तो कोण असेल, कुठला असेल, उन्हानं वैतागलेला असेल की काय, याची मला रोज धास्ती वाटते. नापास झाली तरी मालूभाऊ तिला परत बसवतील का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. नवा हेडमास्तर कसा येईल, तिला कुठं ठेवायचं, नागपूरला कुणाच्या ओळखीनं पाठवायचं, हे सगळं माझ्यावर टाकून तुम्ही गेलात याचा राग आहेच आणि तो राहील.

मोटारीचा आवाज येतो आहे. थैली घ्यायला जातो. परवाचं पन्हं मीही चाखलं, देवराव. तिनं गूळ फार घातला होता. तुमच्याकडून शिकली, दुसरं काय.